नाव उलटली, पण घर बुडाले नाही

वादळ म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घराला कोणी सांगायला नको. वैशाखात एखाद्या संध्याकाळी आभाळ काळेभोर होते, वळवाचा पाऊस कोसळतो, गोठ्यावरचे पत्रे उडतात, काढून ठेवलेला कांदा भिजून जातो. रात्र जागून काढायची आणि उजाडले की दारात उभे राहून नुकसान बघायचे. अशा सकाळी घरात दोन तऱ्हेची माणसे दिसतात. काही जण ओसरीवर डोक्याला हात लावून बसतात. आणि घरातली एखादी बाई काही न बोलता पदर खोचते, पाटी उचलते आणि अंगणातला चिखल भरायला लागते. मग तिच्या मागोमाग बाकीचेही उठतात.

आज अशाच एका बाईची आणि तिच्या घरच्यांची हकीकत सांगायची आहे. फरक एवढाच, की त्या सकाळी तिचे घर जमिनीवर नव्हते. ते होते दक्षिण गोलार्धातल्या खवळलेल्या समुद्रात, शेहेचाळीस फूट लांबीच्या एका शिडाच्या नावेत. चारी बाजूंना शेकडो मैल पाण्यावाचून दुसरे काही नव्हते.

त्या बाईंचे नाव बेरिल स्मीटन. यजमानांचे नाव माइल्स स्मीटन.

शेत कॅनडात, पैसा इंग्लंडात

हे जोडपे मूळचे इंग्रज. माइल्स ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानी लष्करात अधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रणगाड्यांच्या एका पलटणीचे ते प्रमुख होते. बेरिलबाई तर लग्नाआधीपासून एकट्या देशोदेशी भटकलेल्या. १९३९ मध्ये हे दोघे हिंदुकुश पर्वतातले तिरिच मीर हे शिखर चढायला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक तरुण शेर्पा होता. त्याचे नाव तेनसिंग. पुढे १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले तेच हे तेनसिंग. शिखर काही त्या वेळी साधले नाही, पण या नवरा-बायकोची जात कोणती, हे त्यावरून कळावे.

युद्ध संपले. लष्कराची नोकरी सोडून माइल्स शेतीकडे वळले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ सॉल्ट स्प्रिंग नावाचे बेट आहे. तिथे त्यांनी लहानसे शेत घेतले आणि बेरिलबाई व मुलगी क्लिओ यांच्यासह ते तिथे राहू लागले. शेती नवी, जागा नवी आणि खर्च तर रोजचाच. स्वतःचा पैसा होता, पण तो इंग्लंडमध्ये अडकलेला. युद्धानंतर इंग्लंडबाहेर पैसा नेण्यावर सरकारचे कडक निर्बंध होते. आपला पैसा आपल्याच शेतात घालता येईना.

अडलेला शेतकरी तोड काढतोच. स्मीटन दांपत्याने काढलेली तोड मात्र ऐकणाऱ्याला हसू आणणारी होती. पैसा बाहेर नेता येत नाही ना? मग त्या पैशातून इंग्लंडमध्येच एखादी शिडाची नाव विकत घ्यायची, ती चालवत कॅनडाला आणायची आणि तिथे विकून टाकायची. पैसा आपोआप घरी येईल.

बेत चांगला होता. अडचण एकच होती. दोघांपैकी कोणालाही नाव चालवता येत नव्हती!

त्यांनी घेतलेली नाव सागवानी होती. १९३८ मध्ये हाँगकाँगला बांधलेली, दोन डोलकाठ्यांची. तिचे नाव 'त्सु हांग'. हे चिनी शब्द बौद्ध परंपरेतले असून त्यांचा अर्थ दुःखितांना पैलतीरी नेणारी करुणेची नौका असा होतो. १९५१ मध्ये ही नाव घेऊन नवरा-बायको आणि दहा वर्षांची क्लिओ इंग्लंडहून निघाली. पुस्तके वाचून, चुका करून, चुका दुरुस्त करून ती तिघे शिकत गेली. अटलांटिक महासागर ओलांडून, पनामाच्या कालव्यातून पॅसिफिकमध्ये येऊन अखेर ती आपल्या बेटावर पोहोचली.

आता ठरल्याप्रमाणे नाव विकायची. पण घरात आलेल्या गुणी जनावराला बाजार दाखवायला जसे मन होत नाही, तसेच त्यांचे झाले. नाव विकली गेली नाही.

लेकीकडे जायचा रस्ता

१९५५ मध्ये हे कुटुंब पुन्हा समुद्रावर निघाले, या खेपेला पॅसिफिकच्या पलीकडे ऑस्ट्रेलियाच्या दिशेने. वाटेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्यांना जॉन गझवेल नावाचा तरुण भेटला. धंद्याने सुतार. स्वतःच्या हाताने साडेवीस फुटांची 'ट्रेका' नावाची नाव बांधून हा एकटाच जगाच्या प्रवासाला निघाला होता. दोन्ही नावांची संगत जमली. पुढे हाच सुतार स्मीटन कुटुंबाच्या किती उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवास सुखाचा झाला. क्लिओ आता मोठी होत होती. तिला शाळेसाठी इंग्लंडला पाठवले. मुलगी जगाच्या एका टोकाला आणि आईबाप दुसऱ्या टोकाला. तेव्हा नाव घेऊन लेकीकडेच जायचे ठरले.

ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला जायचा शिडांच्या जहाजांचा एक जुना रस्ता होता. ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्यांचा गहू आणि मेंढपाळांची लोकर याच रस्त्याने युरोपच्या बाजारात जाई. पूर्वेकडे जायचे, दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकाला, म्हणजे केप हॉर्नला वळसा घालायचा आणि अटलांटिकमध्ये शिरायचे. १९१४ मध्ये पनामाचा कालवा खुला झाल्यावर हा रस्ता ओस पडत गेला. धान्याची पोती घेऊन केप हॉर्नला वळसा घालणारे शेवटचे शिडाचे जहाज १९४९ मध्ये गेले. ती जहाजे म्हणजे तीनशे-तीनशे फुटांची पोलादी धुडे. स्मीटन यांची नाव त्यांच्या सहाव्या हिश्श्याएवढीही लांब नव्हती.

पृथ्वीचा गोल घेऊन पाहा. आपल्या बाजूला, उत्तर गोलार्धात, जिकडेतिकडे जमीन आहे. पण दक्षिणेला चाळीस अंशांच्या खाली उतरले की जमीन जवळजवळ संपतेच. पृथ्वीभोवती पाण्याचा एक अखंड पट्टा आहे आणि त्यावरून पश्चिमेचे वारे बारा महिने घोंघावत असतात. खलाशांनी या पट्ट्याला 'गर्जणारे चाळीस' असे नावच देऊन टाकले आहे. माळावर सुटलेल्या वाऱ्याला झाड आडवे येते, टेकडी आडवी येते, तसा त्याचा जोर मोडतो. इथे आडवे येणारे काहीच नाही. वारा जितका जोराचा, जितका वेळ आणि जितक्या लांबीच्या पाण्यावरून वाहील, तितकी लाट मोठी होते. या समुद्रात या तिन्ही गोष्टी जुळून येतात. पुढे केप हॉर्न आणि दक्षिण ध्रुवाचा बर्फाळ प्रदेश यांच्यामध्ये सुमारे आठशे किलोमीटर रुंदीची खिंड उरते. साऱ्या समुद्राला त्या खिंडीतून जावे लागते.

डिसेंबर १९५६ मध्ये 'त्सु हांग' मेलबोर्नहून निघाली. दक्षिण गोलार्धात तो उन्हाळा असतो, म्हणून मुहूर्त धरला होता. नावेवर माइल्स, बेरिलबाई, जॉन आणि चौथी पवे नावाची सयामी मांजर. जॉनने आपली नाव न्यूझीलंडमध्ये किनाऱ्यावर ठेवली होती.

१४ फेब्रुवारीची सकाळ

सात आठवडे नाव पूर्वेकडे चालली होती. दिवसरात्र पाळ्या लावलेल्या. एकाने सुकाणू धरायचे, बाकीच्यांनी झोप, स्वयंपाक, शिडांची डागडुजी. आपल्याकडे पिकाच्या राखणीला किंवा रात्रीच्या पाण्याला पाळ्या लागतात, तशाच.

१४ फेब्रुवारी १९५७ रोजी वादळ होते. सगळी शिडे उतरवून ठेवली होती, तरी नुसत्या डोलकाठ्यांवर आदळणाऱ्या वाऱ्याने नाव पळत होती. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे बांधतात, तसा तिचा वेग आवरायला मागे साठ वाव लांबीचा जाड दोरखंड पाण्यात सोडला होता. सकाळी बेरिलबाईंची पाळी होती. अंगात पाणी न लागणारा पिवळा पोशाख, कमरेला दोर बांधून त्याचे टोक नावेला अडकवलेले. माइल्स आत बिछान्यावर होते. जॉनही आतच होता.

अशा समुद्रात सुकाणू धरणाऱ्याचे काम एकच असते. नावेची पाठ येणाऱ्या लाटेकडे अगदी सरळ ठेवायची. नाव जरा तिरकी झाली की लाट तिला कुशीवर लोळवते. बेरिलबाई ते काम चोख करत होत्या. एकेक डोंगराएवढी लाट मागून येई, नावेला उचली आणि खालून निघून जाई.

मग त्यांनी मागे वळून पाहिले. आलेली लाट नेहमीची नव्हती. ती भिंतीसारखी उभी होती आणि तिच्या अंगावरून पांढरे पाणी धबधब्यासारखे खाली येत होते. तिच्या दोन्ही बाजूंना नजर पोहोचेपर्यंत तीच भिंत. बेरिलबाईंनी नाव सरळ धरली. त्याहून जास्त कोणाच्याही हातात काही नव्हते.

उतारावरून बैलगाडी भरधाव सुटली आणि पुढची दांडी जमिनीत रुतली, तर गाडीचे काय होते? मागचा भाग उचलला जातो आणि गाडी डोक्यावरून पालथी होते. 'त्सु हांग'चे तेच झाले. लाटेने पाठ उचलली, पुढचे टोक पाण्यात घुसले आणि तीस हात लांबीच्या त्या नावेने कोलांटी खाल्ली.

आत माइल्स आणि जॉन अंधारात, पाण्यात, भांडी, पुस्तके, फळ्या यांच्याबरोबर घुसळून निघाले. नाव पुन्हा सुलटी झाली, तेव्हा आत कमरेएवढे पाणी होते आणि डोक्यावर आभाळ दिसत होते. डेकवरची छोटी खोली मुळापासून उखडून गेली होती. तिथे आता मोठे चौकोनी भगदाड होते. दोन्ही डोलकाठ्या मोडल्या होत्या. सुकाणू नाहीसे झाले होते. आणि ज्या जागी बेरिलबाई बसल्या होत्या, ती जागा रिकामी होती.

माइल्स वर धावले. काही अंतरावर लाटांमध्ये पिवळा पोशाख दिसला. कमरेचा दोर तुटला होता. डोक्याला जखम झाली होती, खांदा दुखावला होता. तरी बेरिलबाई पोहत होत्या. मोडलेली एक डोलकाठी दोरांच्या गुंत्याने अजून नावेला अडकलेली होती. तिच्यापर्यंत त्या पोहोचल्या आणि तिच्या आधाराने नावेपाशी आल्या. दोघा पुरुषांनी त्यांना वर ओढून घेतले.

पहिली बादली

इथे क्षणभर थांबून विचार करा. नाव अर्धी बुडालेली. डेकला भगदाड. पुढची मोठी लाट आत शिरली, की सगळे संपले. मदतीला बोलवावे, तर हाकेच्या टप्प्यात कोणी नाही. त्या काळी अशा लहान नावेतून दूरवर संदेश धाडण्याची सोयही नसे. माइल्सनी पुढे प्रांजळपणे लिहिले आहे, की त्या क्षणी त्यांना वाटले, आता शेवट आला. जॉनलाही तसेच वाटले होते.

आणि नुकत्याच समुद्रातून ओढून काढलेल्या, डोक्यातून रक्त येत असलेल्या बेरिलबाई काय म्हणाल्या? त्यांनी बादल्यांची चौकशी काढली. बादल्या कुठे असतील हे आपल्याला माहीत आहे, म्हणाल्या, आणि त्या शोधायला निघाल्या.

वाचणारांपैकी कित्येक मायबहिणींना यात काही नवल वाटणार नाही. घरात कोणती वस्तू कुठे आहे हे बाईलाच ठाऊक असते, मग घर पालथे का होईना! पण त्या एका बोलण्याने तिघांचे डोके ठिकाणावर आले. 'आता काय होणार' हा प्रश्न मागे पडला आणि 'आता काय करायचे' हा पुढे आला. बुडणाऱ्या नावेचे करायचे काय, याला उत्तर नव्हते. बादलीभर पाणी बाहेर फेकायचे, याला मात्र उत्तर होते.

कामे वाटली गेली. कोणी कोणाला हुकूम केल्यामुळे नव्हे, ज्याला जे येते त्याने ते धरले. जॉन सुतार, त्याने भगदाड धरले. सापडतील त्या फळ्या, शिडांचे कापड, खिळे घेऊन तो वादळात डेकवर ठोकाठोक करत राहिला. माइल्स आणि बेरिलबाई पाणी उपसत राहिले. दुखावल्या खांद्याने बेरिलबाई बादल्या भरत होत्या. एक बादली, दुसरी बादली, शंभरावी बादली. उपसलेल्या पाण्यातले थोडे पुन्हा आत येत होते, तरी थांबायचे नव्हते. तासामागून तास गेले, तेव्हा कुठे पाण्याची पातळी खाली गेल्याचे दिसू लागले. सागवानाचा सांगाडा भक्कम होता. खालून कुठेही फुटलेला नव्हता. मांजरही कुठल्याशा कोपऱ्यात चिंब भिजून, पण जिवंत सापडली.

सुताराची करामत

वादळ ओसरले, तेव्हा नाव तरंगत होती. पण चालणार कशी? शीड नाही, डोलकाठी नाही, सुकाणू नाही. खेड्यात सुताराचे मोल काय असते, ते औत मोडल्यावर कळते. इथे जॉनचे मोल तसेच कळले. नावेतल्याच लाकडांतून, मोडक्यातोडक्या तुकड्यांतून त्याने कामचलाऊ डोलकाठी उभी केली. सुकाणूच्या जागी लांब वल्हे बसवले. लहानसे शीड चढले आणि नाव हळूहळू चालायला लागली.

नशिबाने वारा पश्चिमेचा होता आणि किनारा पूर्वेला. पाच आठवडे ही लंगडी नाव चिलीच्या किनाऱ्याकडे सरकत राहिली आणि मार्च १९५७ मध्ये कोरोनेल बंदरात पोहोचली. कोणीही ओढून आणलेली नव्हती. स्वतःच्या पायांनी आली, असेच म्हणायचे.

चिलीत तालकावानो या बंदरी नावेची दुरुस्ती झाली. जॉनने बरेच दिवस राहून सुतारकाम केले आणि मग तो आपल्या 'ट्रेका'कडे परतला. १९५९ मध्ये त्याने आपली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तोवर इतक्या लहान नावेतून कोणीही जगाला फेरी मारली नव्हती.

दुसरा तडाखा आणि माघार

इथे गोष्ट संपली असती, तर बरे झाले असते, असे कोणालाही वाटेल. गावात असते, तर म्हाताऱ्या माणसांनी समजावलेही असते, की जीव वाचला हे पुष्कळ झाले, आता लेकीकडे आगबोटीने जा. पण डिसेंबर १९५७ मध्ये नवरा-बायको दोघेच, मांजर घेऊन, पुन्हा केप हॉर्नच्या दिशेने निघाले.

मागच्या खेपेला लाटेपुढे पळताना नाव उलटली होती. म्हणून या खेपेला वादळात पळायचे नाही, शिडे उतरवून, सुकाणू बांधून, आत शांत पडून राहायचे, असे त्यांनी ठरवले. चुकीतून शिकणे म्हणतात ते हेच. २६ डिसेंबर १९५७ रोजी वादळ आले. ठरल्याप्रमाणे ते आत पडून राहिले. आणि एका लाटेने नाव कुशीवरून लोळवली, पुरती एक गिरकी. दोन्ही डोलकाठ्या पुन्हा गेल्या.

पुन्हा तेच. पाणी, अंधार, बादल्या. या वेळी सुतार नव्हता, पण सुताराचे पाहून शिकलेले हात होते. दोघांनी मिळून कामचलाऊ डोलकाठी उभारली आणि उत्तरेला खूप वर असलेल्या वालपाराइसो बंदरात नाव आणली.

आता मात्र त्यांनी हात जोडले. 'त्सु हांग' एका आगबोटीवर चढवून इंग्लंडला रवाना केली. ज्या लेकीसाठी नावेने निघाले, तिच्याकडे अखेर नाव माल म्हणून पोहोचली. माइल्सनी या साऱ्या हकीकतीचे पुस्तक लिहिले, ते १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. 'एकदा पुरे' असा अर्थ होईल असे त्याचे नाव आहे. त्यात कुठेही बढाई नाही. आमचे कुठे चुकले असेल, याचाच विचार जास्त आहे.

विचार करण्यासारखी गोष्ट ती हीच. पहिल्या खेपेला पळाले, तरी उलटले. दुसऱ्या खेपेला थांबले, तरी उलटले. म्हणजे सगळे बरोबर करूनही नाव उलटू शकते. शेतकऱ्याला हे कळायला वेळ लागत नाही. बी चांगले, मशागत वेळेवर, खत जिथल्या तिथे, आणि काढणीच्या आदल्या दिवशी गारा पडतात. तिथे चूक शोधत बसण्यात अर्थ नसतो. आणि 'माझेच नशीब फुटके' म्हणण्यातही नसतो.

अकरा वर्षांनी

पुढची दहा वर्षे ही नाव सोडून ते राहिलेच नाहीत. जपान, अलास्का, युरोप, आफ्रिका अशी ठिकाणे 'त्सु हांग'ने पाहिली. केप हॉर्नचा विषय मात्र मनाच्या तळाशी राहिला होता. डिसेंबर १९६८ मध्ये, बेरिलबाई त्रेसष्ट वर्षांच्या आणि माइल्स बासष्ट वर्षांचे असताना, बॉब नान्स या ऑस्ट्रेलियन खलाशाला बरोबर घेऊन ते तिसऱ्यांदा तिथे गेले. या खेपेला उलट बाजूने, अटलांटिककडून पॅसिफिककडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. ती बाजू जास्त अवघड समजली जाते. आणि या खेपेला नाव केप हॉर्न ओलांडून सुखरूप गेली.

नंतर मात्र त्यांनी समुद्र सोडला आणि कॅनडात अल्बर्टा प्रांतात कोक्रेन गावाजवळ जमीन घेतली. पण तिथे त्यांनी पीक काढले ते वेगळेच. जखमी, पोरक्या झालेल्या रानटी जनावरांना आसरा देण्याचे काम सुरू केले. त्या भागात पूर्वी स्विफ्ट फॉक्स नावाचा, जेमतेम मांजराएवढा कोल्हा असे. कॅनडातून तो पार नाहीसा झाला होता. अमेरिकेतून काही जोड्या आणून स्मीटन कुटुंबाने त्यांची पैदास वाढवली. बेरिलबाई १९७९ मध्ये वारल्या. १९८३ मध्ये पहिले कोल्हे कॅनडाच्या माळावर मोकळे सोडले गेले, ते पाहायला त्या नव्हत्या. माइल्स मात्र होते. ते १९८८ मध्ये गेले. आईवडिलांचे हे काम पुढे चालवले, ते त्याच क्लिओने, जी दहाव्या वर्षी त्यांच्याबरोबर नाव चालवायला शिकली होती.

आपल्या किनाऱ्यावरून

हा दक्षिणेचा समुद्र आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊस ज्या वाऱ्यांवर येतो, ते वारे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडूनच निघालेले असतात. आणि आता आपल्या किनाऱ्यावरच्या नावाही तिकडे जाऊन आल्या आहेत. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नावेतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९ ते २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. गोव्यातच बांधलेल्या 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये केप हॉर्नला वळसा घालून जगाची फेरी पुरी केली. २०२४-२५ मध्ये त्याच नावेतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जाऊन आल्या.

सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात अभिलाष टॉमी यांची नाव अशीच वादळात उलटली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर इजा झाली. एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. तेच टॉमी २०२२ मध्ये पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. मधल्या साठ वर्षांत यंत्रे बदलली, उपग्रहावरून हाक मारायची सोय झाली. लाट मात्र तीच आहे.

स्मीटन दांपत्याने त्या रस्त्याला जायला हवे होते का, लेक शाळेत असताना आईबापांनी एवढा धोका पत्करावा का, यावर घरोघरी दोन मते होतील आणि दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. जेवणे झाल्यावर एकदा बोलून पाहा. पण १४ फेब्रुवारीच्या त्या सकाळी हा प्रश्न उरलाच नव्हता. नावेत पाणी होते आणि ते बाहेर काढायचे होते.

आपल्याही दारात तशी सकाळ कधी ना कधी येते. त्या वेळी घरात बादली कुठे आहे हे ठाऊक असलेले एक माणूस असावे, आणि ते पुढे झाले की बाकीच्यांनी दुसरी बादली उचलावी.